चंद्र, पतंग, घुबड आणि एक सही

ताई,
मी गेली दोन वर्षं स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनचं काम करते. सध्या 'रात्र' या विषयावर सहा वह्यांच्या मुखपृष्ठांचा संच चालू आहे. चंद्र, दिव्यावर झेपावणारा पतंग, घुबड, रात्री उमलणारी फुलं असं सगळं आहे त्यात. जुन्या पुस्तकांत असायची तशी कोरीव चित्रं हवी होती, म्हणून नेटवर 'फ्री व्हिंटेज' असं टाकून पंधरा-वीस चित्रं गोळा केली. डिझाइन पसंत पडलं. पण छपाईच्या तोंडावर ग्राहकाने एक कागद पुढे केला : 'या चित्रांवर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही' असं लिहून सही द्या. चित्रं कुठून घेतली तेच मला आता आठवत नाही, बहुतेक पिंटरेस्टवरून. दिसतात मात्र चांगली शंभर वर्षांपूर्वीची. सही करू का? आणि खरोखर मोफत, बिनधोक चित्रं मिळतात तरी कुठे?
— अडकलेली

अगं अडकलेली,

सही करू नकोस. निदान या आठवड्यात तरी नको.

ग्राहकाचा राग आला असेल, पण तो वावगं काही मागत नाहीये. बहुतेकांना हा प्रश्न छपाई झाल्यावर, कुणाचा तरी मेल आल्यावर सुचतो. माझ्या बाबतीत तसंच झालं होतं. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. एका दैनंदिनीच्या मुखपृष्ठासाठी मी धुक्यातल्या झाडाचा फोटो घेतला. ज्या साइटवरून घेतला तिथे ठळक हिरव्या अक्षरांत 'फ्री डाउनलोड' लिहिलेलं, आणि माझ्या डोक्यात तेवढंच शिरलं. ज्याने तो फोटो तिथे चढवला होता, त्याचा तो नव्हताच. मूळ छायाचित्रकाराचा मेल आला तेव्हा गठ्ठे बांधून तयार होते. मग आम्ही तिघीजणी बसलो आणि एकेका प्रतीवर नवीन मुखपृष्ठाचा कागद चिकटवत राहिलो. खाली हवेचे फुगे राहू नयेत म्हणून पट्टी दाबून फिरवायची. संध्याकाळपर्यंत अंगठ्याची सालटी निघाली. तेव्हापासून कानाला खडा.

म्हणून तुझ्या पत्रातला 'मोफत' हा शब्द आधी बाजूला ठेवू. किंमत शून्य असणं वेगळं आणि हक्क शून्य असणं वेगळं. राइट क्लिक करून चित्र उतरतं, याला मोफत म्हणणं म्हणजे दार उघडं दिसलं म्हणून घर आपलं म्हणण्यासारखं. दुसरा प्रकार असा की चित्राला मालक आहे, पण त्याने काही अटींवर वापराची मोकळीक दिली आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने ते हेच. त्यातल्या एकात फक्त नाव द्यायचं असतं, एकात धंद्यासाठी वापरायला मनाई असते, एकात चित्रात बदल करायला मनाई, एकात तुझं कामही त्याच परवान्याखाली मोकळं करावं लागतं. विकायच्या वह्यांसाठी मनाईवाले दोन्ही बाद समज. कडा कातरून रंग बदलला तरी तो बदलच धरला जातो. तिसरा प्रकार म्हणजे ज्या चित्रावर कुणाची मालकी उरलेलीच नाही. याला मराठीत 'सार्वजनिक अधिक्षेत्र' असा शब्द काढलाय, मी आपलं पब्लिक डोमेनच म्हणणार. क्रिएटिव्ह कॉमन्सचाच 'सीसी झीरो' हा शिक्का याच्या शेजारचा. 2009 पासून तो वापरात आहे, आणि हक्कदार त्यातून जाहीर करतो की माझे जे काही हक्क असतील ते मी सोडले. तुला हवी आहेत ती या तिसऱ्या खणातली चित्रं.

आता 'शंभर वर्षांपूर्वीची दिसतात' याबद्दल. दिसण्यावर जाऊ नकोस. 1895 मध्ये जन्मलेल्या चित्रकाराने पंचविशीत एक घुबड काढलं आणि तो नव्वद वर्षं जगला असं धर. चित्र शंभरी ओलांडलेलं, पण युरोपात ते 2055 सालच्या अखेरपर्यंत मोकळं होत नाही, कारण तिथे मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं मोजतात. भारतात हीच मुदत 60 वर्षं आहे, काही देशांत 50, मेक्सिकोत तर चक्क 100. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कामांचा हिशेब आणखी वेगळा, प्रकाशनापासून 95 वर्षं. त्यामुळे 1 जानेवारी 2026 ला तिथे 1930 मधली कामं मोकळी झाली, आणि दर वर्षी त्याच तारखेला पुढचं एक वर्ष मोकळं होतं. मधली वीस वर्षं हे चक्र थांबलं होतं, कारण 1998 च्या कायद्याने मुदत वाढवली. ते पुन्हा सुरू झालं 2019 मध्ये.

एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. मी दोनच गोष्टी बघते. चित्रकार जाऊन 70 वर्षं उलटली का, आणि चित्र 1931 च्या आधी छापलं गेलं का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर मोजके देश सोडून मी निर्धास्त असते. एकाचंच हो असेल तर दुसरं चित्र शोधते. जगात घुबडं कमी नाहीत.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. 'व्हिंटेज' म्हणून फिरणारी कितीतरी चित्रं गेल्या दोन-तीन वर्षांत यंत्राकडून बनवून घेतलेली आहेत. वरवर पिवळट कागद, कोपऱ्यात डाग, खाली लॅटिनसारखं दिसणारं नाव. ते नाव मोठं करून वाच, अक्षरंच जुळत नाहीत. पतंगाच्या मिशा मोज, कधी तीन निघतात. अशा चित्रांच्या हक्कांचा घोळ वेगळा, पण मला त्याहून त्यांचा खोटेपणाच जास्त खुपतो. पतंग काढणाऱ्या माणसाने पतंग बघितलेला असावा, एवढी माझी माफक अपेक्षा आहे.

मग चित्र आणायचं कुठून? जिथे ते मूळ ठेवलेलं आहे तिथून. संग्रहालय, ग्रंथालय. मधल्या दलालाकडून नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या संग्रहालयांनी आपली कपाटं अक्षरशः उघडी टाकली आहेत, आणि गंमत म्हणजे डिझायनर मंडळींनाच ते ठाऊक नसतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2012 मध्ये सुरुवात केली. आमची चित्रं उतरवा आणि त्यातून काहीतरी नवं करा, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि असं काम करणाऱ्यांसाठी पुढे स्पर्धाही ठेवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी 2017 मध्ये सुमारे 3,75,000 प्रतिमा सीसी झीरोखाली मोकळ्या केल्या. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट 2018 मध्ये, क्लीव्हलँडचं म्युझियम 2019 मध्ये आणि स्मिथसोनियन 2020 मध्ये त्यात आलं. स्मिथसोनियनने तर एका झटक्यात 28 लाख प्रतिमा दिल्या. पण या सगळ्यांच्या साइटवर मोकळी आणि बंद चित्रं शेजारी शेजारी असतात. संग्रहालय खुलं आहे म्हणून त्यातलं प्रत्येक चित्र खुलं असतं असं नाही. शोधताना 'ओपन ॲक्सेस' किंवा 'पब्लिक डोमेन' अशी गाळणी असते ती लावायची, आणि तरी प्रत्येक चित्राखालची ओळ वाचायची.

तुझ्याच विषयावर एकदा हात फिरवून दाखवते.

चंद्रासाठी मी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात जाईन. 2016 च्या जानेवारीत त्यांनी 1,80,000 च्या वर गोष्टी मोठ्या आकारात मोकळ्या केल्या, परवानगीचा अर्ज वगैरे काही नाही. शोधाच्या चौकटीजवळ 'फक्त पब्लिक डोमेन' अशी खूण करायची सोय आहे. तिथे एतिएन त्रुव्हलोचं नाव टाक. हा फ्रेंच चित्रकार अमेरिकेत राहायचा, वेधशाळेतल्या दुर्बिणीला डोळा लावून चित्रं काढायचा. त्याच्या 15 चित्रांचा संच 1881–82 मध्ये रंगीत शिळाछापात निघाला. चंद्राचा खडबडीत पृष्ठभाग आहे, 1874 चं चंद्रग्रहण आहे, धूमकेतू आहे. पण तुझ्या मुखपृष्ठासाठी माझी नजर 'नोव्हेंबरातल्या उल्का' या चित्रावर जाते. गडद निळं आकाश आणि त्यात सगळीकडून ओरखडे काढल्यासारख्या उल्का, 1868 च्या नोव्हेंबरातल्या एका रात्रीच्या. त्रुव्हलो गेला 1895 मध्ये. दोन्ही कसोट्यांवर चित्र पास.

आणि हे तुला आवडेल. याच त्रुव्हलोने खगोलाच्या नादी लागण्याआधी रेशमाच्या प्रयोगासाठी युरोपातून एका पतंगाची अंडी मागवली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावी, 1860 च्या दशकाच्या अखेरीला, त्याच्या परसातून त्यातले काही सुटले. पुढे त्यांच्या सुरवंटांनी उत्तर अमेरिकेतली जंगलंच्या जंगलं ओरबाडली, आजही ओरबाडतात. लायमँट्रिया डिस्पार हे त्या पतंगाचं शास्त्रीय नाव. चंद्र आणि पतंग एकाच माणसाच्या खात्यावर! संचातल्या दोन वह्यांची जोडी इथेच लागते.

पतंगासाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. जगभरच्या ग्रंथालयांनी मिळून 2006 पासून उभारलेला हा संग्रह, निसर्गाची जुनी पुस्तकं पानापानासकट. इथे 'पतंग' किंवा 'मॉथ' टाकलंस तर समुद्रात पडशील. शास्त्रीय नाव टाकायचं. मोठ्ठा ॲटलस पतंग हवा तर 'ॲटाकस ॲटलस', रोमन लिपीत अर्थातच. मारिया सिबिला मेरियनची (1647–1717) चित्रं बघितल्याशिवाय मात्र काम संपवू नकोस. ही बाई बावन्न वर्षांची असताना जहाजाने सुरिनामला गेली, आणि अंडं, अळी, कोष, पतंग असं सगळं आयुष्य एकाच झाडावर दाखवायची. या संग्रहातही काही नवी पुस्तकं अटींवर ठेवलेली आहेत, तेव्हा पुस्तकाच्या माहितीत 'कॉपीराइट स्टेटस' ही ओळ बघ.

घुबडाला राइक्सम्युझियम. तिथल्या नोंदी मुळात डचमध्ये आहेत, म्हणून घुबडाचा डच शब्द भाषांतराच्या यंत्राला विचारून तो टाक. इंग्रजी शब्दाला न सापडलेली चित्रं निघतात. थिओ व्हान होयटेमा (1863–1917) हे नाव लिहून ठेव. पक्ष्यांवर जीव असलेला माणूस, शिळाछापाची कॅलेंडरं करायचा. त्याची घुबडं बघितलीस तर गोळा केलेली सगळी फेकून देशील.

आणि रात्री उमलणारं फूल म्हटलं की मला एकच चित्र आठवतं. 1800 मध्ये लंडनला छापलेलं, निवडुंगाच्या कुळातल्या एका फुलाचं. मागे चांदणं, झाडीतून डोकावणारा मनोरा, त्यावरच्या घड्याळात बारा नुकतेच वाजून गेलेले. फूल काढलंय फिलिप रायनागलने, चांदणं एब्राहम पेदरने. असे दोघं मिळून काम करणारे असले तर जो शेवटी गेला त्याच्यापासून वर्षं मोजायची. रायनागल 1833 मध्ये गेला, म्हणजे इथे प्रश्नच नाही.

खरा चंद्र, फोटोतला, हवा असेल तर नासा. त्यांचे स्वतःचे फोटो बहुतांशी हक्कमुक्त असतात, कारण अमेरिकन केंद्र सरकारच्या नोकराने कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टीवर तिथे कॉपीराइट लागतच नाही. याच कारणाने डोरोथिया लँगने 1936 मध्ये सरकारी नोकरीत काढलेला स्थलांतरित आईचा तो प्रसिद्ध फोटो सगळ्यांचा आहे. पण नासाचं बोधचिन्ह वापरायचं नाही, आणि फोटोखाली 'ईएसए' किंवा दुसऱ्या कुणाचं नाव दिसलं तर तो युरोपीय अवकाश संस्थेचा किंवा त्या दुसऱ्याचा, त्याच्या अटी वेगळ्या.

विकिमीडिया कॉमन्सचं काय, असं विचारशील. तिथे 10 कोटींच्या वर फायली आहेत आणि मीही रोज जाते, पण वाटाड्या म्हणून. कुणीही चढवू शकतं, त्यामुळे खालच्या चौकटीत 'स्रोत' लिहिलेला असतो तिथे जाऊन मूळ ठिकाणाहून चित्र उतरवायचं. ओपनव्हर्स आणि युरोपियाना या अनेक संग्रहांत एकदम शोधणाऱ्या साइटांबद्दलही तेच. फ्लिकर कॉमन्सवर, म्हणजे फ्लिकर या फोटोंच्या साइटवर संस्थांनी आपली जुनी चित्रं ठेवलेल्या विभागात, एक वाक्य भेटेल, 'हक्कांचं बंधन असल्याचं ज्ञात नाही'. ब्रिटिश लायब्ररीने 2013 च्या अखेरीस तिथे जुन्या पुस्तकांतली 10 लाख चित्रं अशीच ठेवली. या वाक्याचा अर्थ 'आम्हाला माहीत नाही' एवढाच, 'नाही' असा नव्हे. एकोणिसाव्या शतकातलं कोरीवकाम असेल तर मी बिनदिक्कत घेते. 1940 चा फोटो असेल तर थांबते.

अनस्प्लॅश, पिक्साबे यांसारख्या मोफत फोटोंच्या साइटांना पब्लिक डोमेन म्हणायची सवय अजून सुटलेली नाही. अनस्प्लॅशने 2017 मध्ये आणि पिक्साबेने 2019 मध्ये सीसी झीरो सोडून स्वतःचे परवाने आणले. वापरायला हरकत नाही, पण परवाना वाचून, आणि चढवणाऱ्याने चित्र खरोखर स्वतः काढलंय का याची हमी तुझ्याकडे नाही हे धरून. माझं धुक्यातलं झाड आठव.

एक प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण ग्राहक विचारेल. चित्र जुनं असलं तरी त्याचा फोटो नवीन आहे, त्या फोटोवर संग्रहालयाचा हक्क नाही का? सपाट चित्राची हुबेहूब नक्कल असेल तर अमेरिकेत 1999 च्या एका निकालात न्यायालयाने नाही म्हटलंय, आणि युरोपीय संघाने 2019 मध्ये तसाच नियम केला. शिल्पाचं मात्र तसं नाही. मूर्ती दोन हजार वर्षांची असेल, पण उजेड कुठून पाडायचा, कॅमेरा कुठे लावायचा हे फोटोग्राफरने ठरवलेलं असतं, म्हणून तो फोटो त्याचा. काही संग्रहालयं अजूनही आपल्या संकेतस्थळावर 'धंद्यासाठी वापर नको' अशी अट घालतात. कायद्याचा कीस पाडत बसण्यापेक्षा त्याच छापाची दुसरी प्रत खुल्या संग्रहालयात आहे का ते मी बघते. छापील चित्रं हाच तर त्यांचा फायदा, एकाच ठशाच्या अनेक प्रती जगभर पडलेल्या असतात.

पब्लिक डोमेनमध्ये आयत्या बिळावरचे नागोबाही असतात. कॅरल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, लोकांनी मोकळेपणाने वापरावेत म्हणून. 2015 मध्ये त्यांना चित्रं विकणाऱ्या एका कंपनीतर्फे पत्र आलं : तुमच्या संस्थेच्या साइटवर आमचं चित्र वापरलंय, 120 डॉलर भरा. ते चित्र त्यांनी स्वतःच काढलेलं होतं! त्या न्यायालयात गेल्या, पण चित्रं सार्वजनिक केल्यावर त्यांच्यावरचा कॉपीराइटचा दावा काही टिकला नाही. मोकळं चित्र विकायला बंदी नाही, तसंच ते विकत घ्यायची सक्तीही नाही. असं पत्र कधी तुला आलं, तर उत्तर एकच असतं, चित्र कुठून आणि कधी उतरवलं त्याची नोंद.

ती नोंद ठेवायची माझी पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक कामाची एक तक्त्याची फाइल, प्रत्येक चित्राला एक ओळ. उदाहरणार्थ : 'मुखपृष्ठ 2. नोव्हेंबरातल्या उल्का. त्रुव्हलो, 1827–1895. छापील 1881–82. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, डिजिटल संग्रह. हक्क : पब्लिक डोमेन.' त्यापुढे पानाचा पत्ता आणि उतरवल्याची तारीख. शिवाय त्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात चित्र आणि हक्काची ओळ दोन्ही एकत्र दिसतात. पानं बदलतात, परवाने बदलतात, म्हणून हा स्क्रीनशॉट. दोन मिनिटांचं काम, पण चित्र उतरवतानाच करायचं. नंतर करू म्हटलं की पिंटरेस्ट होतं.

आकाराचंही बघ, कारण तू पिंटरेस्टवरून घेतलेली चित्रं पडद्यावर सुंदर आणि कागदावर पिठूळ दिसतील. ए5 वहीचं मुखपृष्ठ 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, छापायचं तर 1748 गुणिले 2480 पिक्सेल लागतात. चारी बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरलं तर साधारण 1820 गुणिले 2550. पुढचं-मागचं सलग चित्र असेल तर रुंदी दुप्पट. संग्रहालयांतून बहुधा याहून मोठं मिळतं. टिफ मिळत असेल तर टिफच उतरव. कोरीव रेषांचं चित्र फार छोटं मिळालं तरी इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये ट्रेस करून निभावतं. फोटोचं तसं होत नाही. जुन्या छापील फोटोत तर बारीक ठिपक्यांची जाळी असते. ती पुन्हा छापताना तुझ्या छपाईच्या जाळीवर बसली की लाटा उमटतात. चित्र शंभर टक्क्यांवर नेऊन ठिपके दिसतात का बघ. दिसले तर किंचित धूसर करून लहान आकारात वापर किंवा सोडून दे.

कागदाचा पिवळेपणा फोटोशॉपच्या 'लेव्हल्स'मधून काढता येतो, पण सगळा काढू नकोस बाई. पांढऱ्याफेक पाटीवर कापून चिकटवलेलं जुनं घुबड औषधाच्या डबीवरच्या चित्रासारखं दिसतं. मी रंगीत पार्श्वभूमीवर 'मल्टिप्लाय' लावून, म्हणजे खालचा रंग चित्रात मिसळू देऊन, बघते, डागांसकट. अर्धं काम तिथेच होतं.

कॉपीराइट संपला म्हणजे सगळंच संपलं असंही नाही. जुन्या जाहिरातीतलं व्यापारचिन्ह आजही चालू असू शकतं. आयफेल टॉवर मोकळा आहे, पण त्याची रात्रीची रोषणाई 1985 ची, तिच्यावर हक्क सांगितला जातो. रात्र हाच तुझा विषय, म्हणून सांगून ठेवते. ओळखू येणाऱ्या माणसाचा चेहरा जाहिरातीत वापरताना त्याची परवानगी हा स्वतंत्र मामला. आणि उद्या हाच ग्राहक म्हणाला की या घुबडाचा लोगो करून दे, तर नाही म्हण. जे चित्र सगळ्यांचं आहे ते शेजारच्या दुकानालाही उद्या तसंच्या तसं वापरता येईल, आणि तुला त्याला अडवता येणार नाही. तुझी मांडणी, तुझी अक्षरं, तुझी जोडणी तुझी. मूळ घुबड नाही.

श्रेय द्यायची सक्ती नसते, तरी वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दे. होयटेमाला काही फरक पडत नाही, पण वही हातात घेणाऱ्याला ते वाचायला आवडतं.

आता हातातल्या पंधरा-वीस चित्रांचं. सरसकट टाकू नकोस. एकेक चित्र गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून शोधणाऱ्या साधनांत टाकून मोठ्यात मोठी प्रत शोध. पूर्ण प्रत मिळाली की चित्राच्या तळाशी बघ. कोरीव छापांत डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आणि पुढे 'डेल' असतं, म्हणजे याने काढलं. उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव आणि पुढे 'स्क' किंवा 'स्कल्प', म्हणजे याने कोरलं. पिंटरेस्टवर चढवणारे नेमकी तीच पट्टी कापतात. नाव मिळालं की मृत्यूचं साल मिळतं, साल मिळालं की वरच्या एखाद्या संग्रहात मूळ चित्र सापडायची शक्यता बरीच. माझा अंदाज, निम्मी तरी वाचतील. ज्याचं नावगाव अर्ध्या तासात लागत नाही ते काढून टाक, कितीही गोड असलं तरी. त्याच्या जागी बसवायला आता तुझ्याकडे चित्रं आहेत.

ग्राहकाकडून आठ दिवस मागून घे आणि कागदावरचं वाक्य बदलायला सांग. 'कुणाचाही हक्क नाही' हे जगातल्या प्रत्येक देशाबद्दल आणि प्रत्येक माणसाबद्दल केलेलं विधान झालं, त्यावर मीही सही करणार नाही. त्याऐवजी असं लिही : 'या संचातली सर्व चित्रं सोबतच्या तक्त्यात नोंदवलेल्या संग्रहांतून, तिथे नमूद केलेल्या तारखांना घेतली असून त्या दिवशी ती पब्लिक डोमेन किंवा सीसी झीरो म्हणून दिलेली होती.' खाली तक्ता जोड, स्क्रीनशॉट जोड, आणि मग सही कर.